जुनी दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



मोटारगाडी हा महिला मंडळात बोलण्याचा विषय नव्हे, असे आमच्या यजमानांचे मत पडले. भरतकाम, पाककृती हे विषय संपले वाटते, असेही त्यांनी विचारले. मी म्हटले, ज्या पगारातून गाडीचा हप्ता जातो त्याच पगारात वाण्याचे, दुधाचे आणि शाळेचे बसवावे लागते. ते बसवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी गाडीबद्दल तोंड उघडू नये, हा कुठला न्याय? शिवाय आज आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतःच गाडी चालवतात. तेव्हा विषय ठरला तो ठरला.

मला यंत्रातले ज्ञान बेताचेच. माझ्याजवळ आहे ती एक वही. गाडी घरात आली त्या दिवसापासून तिच्यावर झालेला प्रत्येक खर्च तारीखवार मी तीत लिहीत आले. आज बोलणार आहे ते त्या वहीतून.

आमची गाडी २०१० च्या दसऱ्याची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. म्हणजे २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या गाडीची मुदत भरत होती. नेमक्या त्याच वर्षी, २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सगळी वर्तमानपत्रे मोटारींच्या जाहिरातींनी भरून गेली. इकडे देवीपुढे माळ चढत होती आणि तिकडे आमचे चिरंजीव रोज एका नव्या गाडीचे चित्र दाखवत होते. मुदत भरलेली, कर उतरलेला, सण तोंडावर. याहून चांगला मुहूर्त कोणता, असे घरातल्या सर्वांना वाटू लागले.

गाडी तशी थकली होतीच. क्लच जड झाला होता, खड्ड्यातून जाताना पुढची चाके खडखड वाजत, गार हवा बंद पडली होती. डोंबिवलीतले रस्ते मी आपल्याला सांगायला नकोत. गल्लीतल्या मिस्त्रींनी गाडी वर उचलून पाहिली आणि ८४,००० रुपयांचा अंदाज कागदावर लिहून दिला. मोठ्या सर्व्हिस सेंटरचा अंदाज याहून बराच वर गेला. तो मी बाजूला ठेवला. जुन्या गाड्या घेणारा व्यापारी येऊन गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून गेला व ७०,००० म्हणाला.

झाले! सत्तर हजारांच्या गाडीवर चौऱ्याऐंशी हजार घालायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा निकाल जेवणाच्या पानावरच लागला.

ही म्हण ऐकायला फार सोपी वाटते आणि तिच्यामुळेच पुष्कळ घरांत विचार तिथे थांबतो. पण ती इथे बसत नाही. गाडी सत्तर हजारांना विकून आपण स्वस्थ बसणार असतो तर गोष्ट निराळी होती. आपण तर त्या सत्तर हजारांत भर घालून सात लाखांची वस्तू घेणार. मग ८४,००० ची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी कशाला करायची? ती करायची नव्या गाडीला दर वर्षी काय लागते त्याच्याशी. दोन्ही गाड्यांना वर्षाला काय पडते हा एकच प्रश्न मी घरात विचारला आणि उत्तर काढायला वही घेऊन बसले.

प्रथम तो ८४,००० चा कागदच नीट वाचला. चार टायर १६,०००. बॅटरी ४,५००. ब्रेकचे पॅड, शू, तेल आणि एक गंजलेली नळी, ७,५००. आता सांगा, हा गाडीच्या म्हातारपणाचा खर्च आहे का? टायर, बॅटरी आणि ब्रेक नव्या गाडीचेही झिजतात. चार-पाच वर्षांनी तिलाही ते घालावेच लागतात. गॅसची शेगडी जुनी झाली म्हणून सिलिंडर संपतो असे आपण म्हणत नाही. अशी २८,००० ची रक्कम मी दुरुस्तीच्या रकान्यातून काढून निगेच्या रकान्यात लिहिली. राहिले क्लचचे ९,५००, शॉकअब्झॉर्बर, बुश वगैरे मिळून १८,०००, रेडिएटर व नळ्या ५,५००, गार हवेचे १२,००० आणि पोचे काढून रंग देण्याचे ११,०००. रंगावर मी तिथेच काट मारली. पोचा गाडी थांबवत नाही. उरले ७३,०००.

नळ्यांबद्दल एक सांगते. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि आपल्या जुन्या गाड्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. त्यांतल्या रबराच्या नळ्या आणि वायसर लवकर कडक होऊ शकतात. त्या बदलायला पैसे फार लागत नाहीत, पण मिस्त्रीला आठवणीने बघायला सांगावे.

आता नव्या गाडीचा कागद. दुकानातली किंमत सहा लाख. त्यावर आपल्या राज्यात पेट्रोलच्या अशा गाडीला ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ६६,०००. विमा आणि किरकोळ मिळून रस्त्यावर येईपर्यंत सात लाख. दोन लाख रोख भरायचे आणि पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. हप्ता महिन्याला १०,३७९ रुपये. साठ हप्ते मिळून ६,२२,७४० होतात, म्हणजे व्याजच सव्वा लाखाला थोडे कमी; वर्षाला साडेचोवीस हजार. पण व्याज निदान दिसते. न दिसणारा खर्च म्हणजे किमतीची उतरण. विमा कंपन्यांच्या ठरलेल्या कोष्टकात पहिल्या वर्षाअखेर गाडीची किंमत १५ टक्क्यांनी उतरते आणि पाचव्या वर्षी ती निम्मी धरतात. सहा लाखांचे तीन लाख! वर्षाला साठ हजार रुपये, आणि ते गाडी खाली उभी असली तरी जातात. म्हणजे एक किलोमीटर न फिरता वर्षाला ८४,५०० रुपये. मिस्त्रींच्या कागदावरचा आकडा आठवा. ज्या आकड्याला घरात सारे दचकले होते, तो नवी गाडी नुसती दाराशी उभी ठेवण्याचा एका वर्षाचा खर्च निघाला. हे मी वाचून दाखवले तेव्हा यजमानांनी चष्मा काढून पुसला आणि बेरीज पुन्हा करायला लावली. बेरीज तीच आली.

मायलेजचे काय, असे चिरंजीवांनी विचारले. आमची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालते. जुनी लिटरला चौदा देते, नवी वीस देईल असे धरले. म्हणजे वर्षाला ८६ लिटरची बचत. लिटरला १०४ धरले तर नऊ हजारांना थोडे कमी. ही बचत खरी आहे, मी नाकारत नाही. पण नऊ हजार वाचवायला साठ हजारांची उतरण सोसायची, हे गणित मला जमेना. हेच चार हजारांच्या जागी वीस हजार किलोमीटर असते तर मात्र वेगळा विचार करावा लागला असता. म्हणून प्रत्येकीने आपल्या गाडीचे वर्षाचे किलोमीटर आधी लिहून काढावेत. मी चार घरी विचारले, तर तीन घरांत सांगितलेला आकडा मीटरवरच्या आकड्याच्या दुप्पट निघाला. गाडी आपण वापरतो त्याहून जास्त वापरतो असे आपल्याला वाटत असते.

सगळे मिळून जुनी गाडी आम्हाला अशी पडते. ७३,००० तीन वर्षांत वाटले तर वर्षाला चोवीस हजार, नेहमीची सर्व्हिसिंग व विमा चौदा, नोंदणी वाढवण्याचे पाच वर्षांत वाटून दोन, पेट्रोल तीस, आणि तिचीही किंमत आणखी उतरेल त्याचे दहा. एकूण ऐंशी हजार. अचानक काही निघेल म्हणून पंधरा हजार वेगळे धरले तर पंचाण्णव. नवीचे विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल धरून एक लाख तीस हजार. पस्तीस हजारांचा फरक, तोही जुनीच्या बाजूने कंजूषपणा न करता.

पण भगिनींनो, आमच्या घरचा खरा प्रश्न पस्तीस हजारांचा नव्हता. आमच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कल्याणला न्यावे लागते. पहाटे साडेपाचला निघायचे. त्या वेळी गाडी चालू झाली नाही तर काय, ही भीती खरी होती. नवी गाडी घ्या म्हणणाऱ्यांचे हे बोलणे मी कधीच हसण्यावारी नेले नाही. उलट बाजूला ते दोन लाख रोख. ते यायचे होते माझ्या नावावरच्या ठेवीतून, आणि ती ठेव मी सासूबाईंच्या आजारपणासाठीच राखून ठेवली आहे. अशा रोग्याला केव्हा रुग्णालयात ठेवावे लागेल याचा नेम नसतो. ज्या आजारासाठी खात्रीची गाडी हवी, त्याच आजाराचे पैसे गाडीत घालायचे आणि वर महिन्याला दहा हजारांचा हप्ता मागे लावून घ्यायचा! गाडी मग जरूर वेळेवर रुग्णालयाच्या दारात पोहोचेल. पण दारातून आत गेल्यावर काउंटरवर भरायला काय?

म्हणून मी मिस्त्रींना एकच विचारले, ही गाडी वाटेत कशामुळे थांबेल ते सांगा. त्यांनी बोटांवर मोजले. बॅटरी, क्लच, रेडिएटरची नळी, टायर. चारही गोष्टी कागदावर होत्याच. इंजिनाबद्दल विचारले तर म्हणाले, निळा धूर नाही, दोन सर्व्हिसिंगांच्या मध्ये तेल घालावे लागत नाही, मग त्याला हात लावायचे कारण नाही. गार हवेवरून मात्र थोडा वाद झाला. यजमानांना ती चैन वाटत होती. डायलिसिसवरून परतताना रक्तदाब उतरलेला असतो आणि मे महिन्यात कल्याणच्या पत्रीपुलावर गाड्यांची रांग लागलेली असते, हे सासूबाईंनी स्वतःच त्यांना सांगितले. चिरंजीवाला आईने सांगितल्यावर वाद मिटायचाच.

गाडीच नको, हाही एक मार्ग आहे आणि त्याचे नाव घ्यायला कोणी तयार नसते. हिशेबाने पाहिले तर तोच सर्वांत स्वस्त. दवाखान्याच्या साऱ्या फेऱ्या रिक्षाने केल्या तर वर्षाला तीस-बत्तीस हजारांत भागते. घेरी आलेल्या माणसाला रिक्षात बसवून खड्ड्यांतून आणवत नाही, म्हणून आम्ही तो मार्ग सोडला. पण ज्यांची गाडी महिन्यातून दोनदा लग्नकार्याला बाहेर निघते त्यांनी दुरुस्तीही करू नये आणि नवीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राग आला तर येवो.

आता दुरुस्ती केव्हा करू नये? एक उदाहरण माझ्या नात्यातले आहे. आमच्या वन्सं चिपळूणला असतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा त्यांची गाडी स्टेअरिंगपर्यंत चिखलाच्या पाण्यात होती. गाडी सातच वर्षांची, रंग नव्यासारखा. धुऊन पुसून उभी केली तर कोणाला कळले नसते. पण हल्लीच्या गाडीत तारांचे जाळे शरीरातल्या शिरांसारखे पसरलेले असते आणि त्यांच्या जोडांत शिरलेले पाणी आज नाही तर सहा महिन्यांनी गंज धरते. आज दिवे, उद्या खिडकीची काच, परवा इंजिनच. विम्याचा नियम असा की दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी संपूर्ण नुकसानीत धरतात. वन्सांनी ते पैसे घेतले आणि गाडी सोडून दिली. दुसरे म्हणजे सांगाड्याचा गंज. समुद्राकाठच्या गाड्यांना तो फार. दाराखालच्या पट्टीला आणि तळाला मिस्त्री स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतात. पत्रा आत गेला तर त्या गाडीवर टायरचेसुद्धा पैसे घालू नयेत. यंत्राचा भाग बदलता येतो, सांगाडा बदलता येत नाही. आमच्या गाडीचा तळ टोचून झाला तेव्हा मी स्वतः खाली वाकून पाहिले.

तिसरे कारण सुट्या भागांचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी आपल्या सर्वांना आठवतात. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीची ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. तिचे यंत्र इतके सरळ की पान्हा आणि हातोडी घेऊन रस्त्याच्या कडेला ती पुन्हा चालू होई. शिवाय त्या काळी नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आपल्या वडीलधाऱ्यांनी गाड्या वीस-वीस वर्षे चालवल्या त्या केवळ काटकसरीने नव्हे. दुसरी मिळतच नव्हती. पुढे पद्मिनीचे उत्पादन बंद झाले, भाग मिळेनासे झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेप्रमाणे मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आपली गाडी बनणे बंद होऊन किती वर्षे झाली, हे मिस्त्रीला जरूर विचारावे. क्लचप्लेट बाजारात मिळते, पण दाराच्या कुलपासाठी महिना थांबावे लागते, अशी अवस्था आली की निरोप घ्यायची वेळ जवळ आली समजावे.

चौथी गोष्ट चिरंजीवांनी काढली आणि तिला माझ्या वहीत उत्तर नाही. २०१० च्या आमच्या गाडीत हवेची पिशवी नाही आणि चाके न घसरू देणारा ब्रेकही नाही. तो ब्रेक नव्या सर्व मोटारींना २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचा झाला, पुढच्या दोन्ही बैठकींना हवेच्या पिशव्या २०२२ पासून. या वस्तू जुन्या गाडीत मागाहून बसवून घेता येत नाहीत. तेव्हा आम्ही घरात असे ठरवले आहे की ही गाडी डोंबिवली-कल्याणच्या बाहेर जाणार नाही. द्रुतगती मार्ग तिला बंद. पुण्याला जायचे तर रेल्वे आहे, एस.टी. आहे. मागे बसणारानेही पट्टा बांधायचा. सासूबाईंना तो मीच बांधते. पण उद्या सुनेची नोकरी नव्या मुंबईत गेली आणि तिला रोज ट्रकांच्या रांगेतून गाडी चालवावी लागली, तर ही वही मिटून मी स्वतः नवी गाडी बघायला जाईन. माणसाच्या जिवाची उतरण कोष्टकात बसवता येत नाही.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी वाढवण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. पूर्वी ते ६०० होते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर असतो. गाडी तपासणीला न्यावी लागते, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र चालू लागते. मुदत संपण्याआधी हालचाल करावी. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदीचे नियम झाले त्यावरून आपल्याकडेही पंधरा वर्षांनी गाडी मोडावीच लागते असा अनेकींचा समज आहे. तसे नाही. तपासणीत उतरली तर चालते.

विकायचीच ठरली तर दोन गोष्टी मात्र विसरू नका. मालकी बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे अर्ज भरून, नव्या मालकाचे नाव नोंदणीपुस्तकात चढले की नाही ते पाहिल्याशिवाय विषय संपला असे मानू नका. नुसत्या स्टँपपेपरवर विसंबू नका. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. गाडी भंगारात देणार असाल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या व जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. दुसरे, विम्यात दावा न केल्याबद्दल जी सूट साठत जाते ती गाडीची नसते, आपली असते. ती ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि नव्या गाडीच्या विम्यावर लावून घेता येते. विकताना कंपनीकडून तसे पत्र मागून घ्या. न मागितल्यास आपण होऊन कोणी देत नाही.

आमची गाडी दिवाळीच्या आधी चार दिवस मिस्त्रींकडे होती. काढलेले जुने भाग मी पोत्यात घालून परत मागून घेतले आणि कागदाशी ताडून पाहिले. मिस्त्रींना जरा नवल वाटले, पण त्यांनी दिले. तेव्हापासून आजवर मी वहीत दोनच नोंदी केल्या आहेत, एक पंक्चर आणि एक दिवा. वही बरोबर आणली आहे. ज्यांना आपल्या घरचा हिशेब तसा मांडायचा असेल त्यांनी पन्हे घेताना माझ्याजवळ या. गाडीचे किलोमीटर आणि मिस्त्रीचा कागद असेल तर पाव तासात होतो.